सीमोल्लंघनाचे हक्क कुणाला?

दसऱ्यानंतर मराठवाड्यात दोन प्रकारचे सीमोल्लंघन होते. एक प्रतीकात्मक. वेशीबाहेर जायचे, शमीचे पूजन करायचे, आपट्याची पाने घेऊन घरी परतायचे आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचे. दुसरे सीमोल्लंघन मात्र अक्षरशः खरे. त्यात वेस ओलांडली जाते ती पाच-सहा महिन्यांसाठी, आणि परतताना हातात सोने असेलच याची शाश्वती नसते.

हे दुसरे सीमोल्लंघन ज्याला पाहायचे असेल त्याने बीड जिल्ह्यातील तेलगावच्या चौफुलीवर येऊन उभे राहावे. बीडहून वडवणीमार्गे परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूर-केजकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. दिवाळीच्या मागेपुढे या चौफुलीवरून ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर जात असतात. ट्रॉलीत ज्वारी-बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, सरपण, कोंबड्यांचे डालगे, एखादी शेळी आणि या सर्वांच्या वर बसलेली माणसे. मांडीवर तान्हे मूल घेतलेली आई आणि शाळेचे दप्तर घरी ठेवून आलेला तिचा थोरला मुलगाही त्यांतच. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी या तालुक्यांतून अशी कुटुंबेच्या कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे आणि थेट कर्नाटकातील बेळगाव, बागलकोटपर्यंत ऊस तोडायला जातात.

विशेष म्हणजे तेलगावजवळच सुंदरनगरला सहकारी साखर कारखाना आहे. माजलगाव धरणाच्या पाण्यावर या भागात ऊसही होतो. तरीही डोंगरपट्ट्यातला कोरडवाहू शेतकरी कुटुंबासह तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर जातो, कारण वर्षभराची चूल पेटण्यासाठी लागणारी रक्कम त्याला हंगामापूर्वीच उचल म्हणून कुणीतरी हातावर ठेवलेली असते. प्रस्तुत लेखक या जिल्ह्यातील ज्या शाळेत शिकला, तेथे दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातील निम्मी बाके रिकामी होत. गुरुजी हजेरी घेताना ती नावे वाचत नसत. आज चार दशकांनंतर त्याच नावांची पुढची पिढी ट्रॉलीत बसलेली दिसते, तेव्हा हा प्रश्न केवळ दारिद्र्याचा आहे असे म्हणून पुढे जाणे अवघड होते.

आम्हाला पाठ असलेला कायदा

आपल्या मध्यमवर्गीय घरांत स्थलांतराच्या कायद्याचे ज्ञान कमी नाही. मुलगा पुण्याहून अमेरिकेला गेला की त्याच्या आईवडिलांना 'एच-वन-बी' व्हिसाची सहा वर्षांची मर्यादा ठाऊक होते. दरवर्षी 65 हजार आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी 20 हजार एवढेच व्हिसा मिळतात, हेही त्यांना ठाऊक असते. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांना किती वर्षे ताटकळावे लागते, सुनेला तेथे नोकरी करता येईल की नाही, यावर दिवाणखान्यात तासन्‌तास चर्चा होते. सप्टेंबर 2025 मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले, तेव्हा महाराष्ट्रातील किती घरांची झोप उडाली हे आपण सर्वांनी पाहिले. परक्या देशात आपल्या मुलाला कुणी लुबाडू नये, त्याला तेथील माणसाइतकेच वेतन मिळावे, त्याच्या बायकोमुलांना सन्मानाने राहता यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. तीत गैर काही नाही.

प्रश्न एवढाच आहे की, तेलगावच्या चौफुलीवरून जाणाऱ्या ट्रॉलीतील आईवडिलांनाही आपल्या मुलांसाठी नेमके हेच हवे असते, आणि त्यांना लागू होणारा कायदा कोणता हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

तीन भाऊ, तीन कायदे

कल्पना करा, धारूर तालुक्यातील एका घरात तीन भाऊ आहेत. तिघेही दहावीच्या आत शाळा सुटलेले.

थोरला आखातात मजुरीला जातो. त्याच्यासाठी 1983 चा उत्प्रवासन कायदा आहे. त्याला नेणाऱ्या दलालाला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. दहावी न झालेल्या कामगाराला ठरावीक देशांत जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते आणि त्यासाठी नोकरीचा करार दाखवावा लागतो. प्रवासी भारतीय बीमा योजनेखाली त्याचा 10 लाख रुपयांचा विमा उतरविला जातो. फसवणूक तेथेही होते. पण फसवणूक झाली तर दाद कुठे मागायची, हे निदान कागदावर लिहिलेले आहे.

मधला भाऊ कर्नाटकात बागलकोटला ऊस तोडायला जातो. त्याच्यासाठी 1979 साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा केला आणि 2 ऑक्टोबर 1980 पासून तो अमलात आला. ठेकेदाराला परवाना बंधनकारक, कामगाराला छायाचित्रासह पासबुक, जाण्यायेण्याचे भाडे, प्रवासाच्या दिवसांची मजुरी, निम्म्या महिन्याच्या वेतनाइतका विस्थापन भत्ता, राहण्यास योग्य निवारा आणि विनामूल्य औषधोपचार एवढे त्या कायद्याने देऊ केले होते. ठेकेदाराने हे दिले नाही, तर मूळ मालकाने द्यावे, अशीही त्यात तरतूद होती. अपघातात कामगार मरण पावला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना व नातेवाइकांना कळविणे सक्तीचे होते. आता हा कायदा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला असून ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. ठेकेदाराविना स्वतःहून परराज्यात गेलेल्या कामगारालाही तिने स्थलांतरित मानले, वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याचा खर्च देण्याची तरतूद केली आणि शिधा मूळ राज्यात घ्यावा की कामाच्या राज्यात, याची मुभा दिली, हे स्वागतार्ह आहे. विस्थापन भत्ता मात्र गेला, आणि पूर्वी पाच स्थलांतरित कामगार असले तरी कायदा लागू होत असे, आता दहा लागतात. हा तोटाही प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे.

धाकटा भाऊ कोल्हापूरला जातो. तोच कोयता, तीच पाचट, पहाटेची तीच थंडी, तीच कोपी. बागलकोट आणि कोल्हापूर या दोन्ही ठिकाणचे अंतर त्याच्या गावापासून फारसे वेगळे नाही. पण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नाही. म्हणून कायद्याच्या दृष्टीने तो स्थलांतरितच नाही! 1979 च्या कायद्यात तो नव्हता आणि 2020 च्या संहितेतील स्थलांतरितांच्या प्रकरणातही तो नाही. घरदार सोडून सहा महिने उघड्या रानात राहणाऱ्या या माणसाने म्हणे स्थलांतर केलेलेच नाही!

म्हणजे माणूस जितका दूर जाईल तितका कायदा त्याच्या जवळ येतो, आणि आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेच्या माणसांत काम करणारा मात्र सर्वांत निराधार राहतो. मधल्या भावाचा कायदाही बहुतांशी कागदावरच राहिला हे खरे. पण कागदावरचा हक्क भांडून मिळविता येतो. जो हक्क कागदावरही नाही, त्यासाठी भांडायचे कुणाशी?

उसाला कायदा आहे

किमान वेतन, अपघाताची भरपाई हे सर्वसाधारण कायदे धाकट्याला लागू नाहीत काय, असे कुणी विचारील. आहेत. परंतु ते वापरायचे तर आधी मालक कोण हे सिद्ध करावे लागते, आणि सारी मेख तेथेच आहे. कारखान्याचा करार असतो तो तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदाराचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादमाचा टोळीशी. तो शेवटचा व्यवहार बहुधा तोंडी. ऊस ज्या शेतात तोडायचा ते शेत शेतकऱ्याचे, तोडणीचा कार्यक्रम कारखान्याचा, उचल मुकादमाची. काम सर्वांचे, कामगार मात्र कुणाचाच नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. म्हणजे नोंद झालीच तर हत्याराची होते, हत्यार धरणाऱ्या दोन माणसांची नव्हे. त्यातही बाईची तर नाहीच.

याउलट उसाकडे पाहा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पुरविल्यापासून 14 दिवसांत त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याज. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला प्रतिटन 3,550 रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला. शेतकऱ्याला हे संरक्षण मिळालेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्याच्या घामाशिवाय तो ऊस गव्हाणीपर्यंत पोहोचत नाही, त्याच्या मजुरीचा दर कोणत्याही कायद्याने नव्हे, तर संप आणि नेत्यांच्या लवादाने ठरतो. जानेवारी 2024 मध्ये अशा तडजोडीतून 34 टक्के वाढ झाली आणि तोडणीचा दर प्रतिटन सुमारे 366 रुपये झाला. वाढ झाली, आनंद आहे. परंतु उसाला कायदा आणि ऊस तोडणाऱ्याला तडजोड, ही विषमता कोणत्या न्यायात बसते?

उचलीचा दोर

उचल हा या व्यवस्थेचा कणा. हंगामापूर्वी घेतलेली रक्कम कापलेल्या टनांतून फिटायची. ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर. मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे आले. एका दिवसाची गैरहजेरी म्हणजे 'खाडा', आणि खाड्याची रक्कम मजुरीतून कापली जाते किंवा बाकीत चढते. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याची व्याख्या काढून ती या व्यवहाराशेजारी ठेवावी आणि दोहोंत अंतर किती उरते, हे वाचकांनीच ठरवावे. राज्यघटनेचे 23 वे कलम वेठबिगारी निषिद्ध ठरविते. 1982 साली एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात माणसाला राबावे लागणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय. कारण भूक ही काठीइतकीच सक्ती करते.

या दोराचा काच सर्वाधिक बसतो तो स्त्रीला. पहाटे चारला उठून स्वयंपाक, मग नवऱ्याच्या बरोबरीने तोड, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहणे, आणि रात्री पुन्हा चूल. ना आडोसा, ना शौचालय, ना दवाखाना. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात पाहणी केलेल्या 82 हजारांहून अधिक महिलांपैकी 13 हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. मातृशक्तीचा जयजयकार करणाऱ्या समाजाने हा आकडा वाचून पान उलटले, तर त्या जयजयकाराला अर्थ काय राहिला? स्वतःच्या घरातील लेकीसुनेच्या बाबतीत असे घडले असते, तर आपण एवढ्यावर थांबलो असतो काय?

आक्षेपांची उत्तरे

या विषयावर लिहू लागले की काही आक्षेप ठरलेले असतात. ते टाळण्याचे कारण नाही.

पहिला आक्षेप असा, की कामगार उचल घेऊन पळून जातात, त्यात वाहतूकदार शेतकरी देशोधडीला लागतो. अशी प्रकरणे घडतात हे खरे आहे. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेल्या तरुणाची लाखोंची रक्कम बुडते, हे दुःखही खरे आहे. पण याचा उपाय कोणता? कामगाराला कोंडून ठेवणे, की त्याची रीतसर नोंदणी करून, रक्कम बँक खात्यातून देऊन, लेखी करार करणे? नोंदणी झाली तर फसविणारा मजूर सापडेल आणि फसविणारा मुकादमही. कायद्याच्या अभावाचा लाभ दोन्हीकडच्या लबाडांना होतो आणि नुकसान दोन्हीकडच्या प्रामाणिकांचे.

दुसरा आक्षेप, साखर उद्योगाला हा भार पेलणार नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी प्रतिटन 10 रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असे ठरले आहे. 3,550 रुपयांच्या उसामागे 10 रुपये! अर्ध्या टक्क्याहूनही कमी असलेल्या या रकमेने जर एखादा उद्योग कोसळणार असेल, तर त्याच्या हिशेबातच काही तरी गफलत आहे.

तिसरा आक्षेप, आता ऊसतोडणी यंत्रे येत आहेत, प्रश्न आपोआप सुटेल. यंत्रे येतील, यावीतही. पण यंत्राने काम घेतले म्हणून माणसाचे पोट थांबत नाही. ज्यांची नोंदच नाही, त्यांचे पुनर्वसन कोणत्या यादीवरून करणार? म्हणजे यंत्र यायच्या आधी नोंदणी होणे अधिकच निकडीचे ठरते.

चौथा आक्षेप काहीसा आपल्या मंडळींतूनच ऐकू येतो. हक्कांची भाषा ही वर्गसंघर्षाची भाषा आहे, आपली नव्हे, असे काहींना वाटते. दत्तोपंत ठेंगडी यांनी 1955 साली भारतीय मजदूर संघ स्थापन केला, तो वर्गसंघर्ष नाकारून. कामगाराचा हक्क नाकारून नव्हे. समाज एक कुटुंब आहे असे मानायचे, तर कुटुंबातील जो सर्वांत अधिक राबतो त्याच्या ताटात सर्वांत शेवटी वाढायचे, ही कोणत्या कुटुंबाची रीत?

महाराष्ट्राने मनावर घेतले तर

केंद्राचा कायदा आंतरराज्य स्थलांतरापुरता मर्यादित आहे, म्हणून महाराष्ट्राचे हात बांधलेले नाहीत. कामगार कल्याण हा समवर्ती सूचीतील विषय आहे. राज्याच्या विधिमंडळाला कायदा करता येतो, आणि या राज्याची परंपराही तशीच आहे. 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. ज्या हमालाचा मालक रोज बदलत होता, त्याची नोंदणी मंडळाकडे झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, वर भविष्य निर्वाह निधी, उपदान, औषधोपचार. 1972 च्या दुष्काळातून धडा घेऊन 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमी कायदा केला आणि त्याच वाटेने 2005 साली देश गेला. मालक कोण हा प्रश्न हमालाच्या बाबतीत 1969 साली सुटू शकतो, तर ऊसतोड कामगाराच्या बाबतीत आज का सुटू नये?

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. राज्यांतर्गत हंगामी स्थलांतरितांसाठी माथाडीच्या धर्तीवर स्वतंत्र कायदा हवा. त्यात कोयत्याऐवजी स्त्री आणि पुरुष यांची स्वतंत्र नोंदणी आणि स्वतंत्र बँक खाते असावे. मूळ मालक म्हणून कारखान्याची जबाबदारी निश्चित असावी. मुकादमाला परवाना, उचलीचा लेखी हिशेब, तळावर पाणी, शौचालय आणि फिरता दवाखाना असावा. महामंडळ आणि वसतिगृहे ही शासननिर्णयांची देणगी आहे, आणि शासननिर्णय दुसऱ्या शासननिर्णयाने बदलतो. कायद्याने दिलेला हक्क असा बदलता येत नाही.

मतदानाचे काय, हेही विचारले पाहिजे. 2024 साली गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू करण्याचे ठरले आणि विधानसभेचे मतदान होते 20 नोव्हेंबरला. फडात गेलेल्या माणसाने मत कोठे द्यायचे? ज्यांची मते फडात अडकतात, त्यांचे प्रश्न सभागृहात कोण मांडणार?

आपल्या हातात काय?

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. ज्या तालुक्यांतून टोळ्या निघतात तेथील कार्यकर्त्यांनी दसऱ्यापूर्वी गावागावांत बसून ई-श्रम नोंदणी करून द्यावी, उचलीचा व्यवहार कागदावर लिहून घ्यायला शिकवावे, मुलांना संत भगवानबाबांच्या नावाच्या शासकीय वसतिगृह योजनेत जागा मिळते का याचा पाठपुरावा करावा. ज्या तालुक्यांत टोळ्या उतरतात तेथील कार्यकर्त्यांनी तळावर जावे. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेखाली बीडच्या शिधापत्रिकेवर कोल्हापुरात धान्य मिळू शकते. दुकानदार नाही म्हणत असेल तर त्या मजुरासोबत दुकानापर्यंत चालत जाणारा कुणी तरी हवा. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांना बसविणे हा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने दिलेला अधिकार आहे. गरोदर बाईला आरोग्य केंद्रात नेणे यासाठी तर कोणत्याही कलमाची गरज नाही.

2020 च्या टाळेबंदीत एक लाखाहून अधिक ऊसतोड कामगार परमुलखातील कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते. एप्रिलच्या मध्यास शासनाने परतीचा आदेश काढेपर्यंत ते आपले कोण आणि कुठले, याचा विसर पडल्यासारखीच अवस्था होती. ज्यांचा कष्ट आपल्या चहाच्या कपात रोज विरघळतो, त्यांचे अस्तित्व आपल्याला संकट आल्यावरच का आठवावे?

हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की त्याच ट्रॉल्या तेलगावच्या चौफुलीवरून उलट्या दिशेने परततात. कुणाची उचल फिटलेली असते, कुणाच्या अंगावर बाकी असते, कुणाचे एखादे माणूस मागे फडातच राहिलेले असते. पुढच्या दसऱ्याला आपण आपट्याची पाने वाटू तेव्हा हे दुसरे सीमोल्लंघन आठवावे. वेस ओलांडून गेलेल्या आपल्याच माणसांना हक्काचे कवच देणे हे त्यांच्यावर उपकार नव्हेत. ते आपले थकलेले देणे आहे, आणि थकलेल्या देण्यावर व्याज चढत असते, हे ऊस नियंत्रण आदेशाने आपल्याला केव्हाच शिकविले आहे.